रीमॅपनंतर डायनो शीटवर ११८ पीएस. आकडा कितपत धरायचा?

उद्यमनगर_डिझेल
पोलो १.५ टीडीआय, बीएस४, ५ गिअर मॅन्युअल. कंपनीचा आकडा ९० पीएस ताकद, २३० एनएम टॉर्क. रीमॅप केल्यावर (इंजिनच्या कॉम्प्युटरची, म्हणजे ईसीयूची फाइल बदलल्यावर) डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) चढवली. शीटवर ३,८०० आरपीएमला ११८ पीएस आणि टॉर्क २९० एनएम. कोपऱ्यात 'डीआयएन करेक्शन १.०९' छापलंय. रीमॅपच्या आधीचं शीट नाही. चौथ्या गिअरला खालून दाबली की काळा धूर दिसतो. पुढच्या आठवड्यात परत डायनोला न्यायची आहे. काय काय तपासून घेऊ?

चौथा_गिअर
भावा, आधी तो १.०९ बघ. हवेचा दाब आणि तापमान मानकाला आणायला मोजलेल्या आकड्याला लावलेला तो गुणक. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास. डीआयएनचं मानक १,०१३ मिलिबार आणि २० अंश. दुपारी ३४ अंशात हिशेब केला की १.०९ च येतो, म्हणजे गणित चुकलेलं नाही. पण ते गणित बिनटर्बोच्या इंजिनाचं. तुझा ईसीयू बुस्ट, म्हणजे टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब, ॲब्सोल्यूट प्रेशरवर (शून्यापासून मोजलेल्या एकूण दाबावर) धरतो. हवा पातळ असली तर टर्बो जास्त फिरून ती तूट भरून काढतो. न झालेल्या नुकसानीची भरपाई शीटवर जमा झाली आहे. १.०९ काढून टाक, ११८ चे १०८ उरतात आणि २९० चे २६६.

दुसरं, हे ११८ चाकावरचे की क्रँकवरचे (थेट इंजिनच्या दांड्यावरचे)? रोलर फक्त चाकावरची ताकद मोजतो. क्रँकचा आकडा दोन प्रकारे निघतो. एक म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये १५-२० टक्के सरळ मिळवायचे. असं असेल तर तो आकडा सोडून दे. दुसरा, रन संपल्यावर क्लच दाबून चाकं मोकळी फिरू द्यायची आणि वेग किती झटपट उतरतो त्यावरून गिअरबॉक्स-टायरात जाणारा लॉस मोजायचा. ही पद्धत बरी, पण गाडी बांधायचे पट्टे जास्त आवळले, टायरात हवा कमी असली किंवा ब्रेक थोडा जरी घासला तर लॉस फुगतो आणि त्याबरोबर क्रँकची ताकदही फुगते. म्हणून चाकावरचा, करेक्शन न लावलेला ग्राफ मागून घे.

शीट खरं की खोटं याची झटपट तपासणी: पीएस = एनएम × आरपीएम ÷ ७,०२४. ३,८०० ला ११८ पीएस असतील तर त्याच जागी टॉर्क २१८ एनएम दिसला पाहिजे. जुळत नसेल तर आरपीएमचं कॅलिब्रेशन चुकलेलं असू शकतं. डिझेलला स्पार्क नाही, त्यामुळे प्लगच्या वायरीला क्लॅम्प लावून आरपीएम मिळत नाही. ओबीडीवरून (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटवरून) घ्या, नाहीतर गिअर रेशोवरून बसवा.

शिरोली_टर्बो
वरचं सगळं बरोबर. फक्त एक भर: टर्बो भरायच्या आधी, १,५०० च्या खाली, पातळ हवेचा तोटा खरोखर होतो. तिथं थोडं करेक्शन चालेल.

आता पुढच्या आठवड्याचं. स्टॉक (कंपनीची मूळ) फाइल ट्यूनरकडं असतेच. ती परत टाकून त्याच दिवशी, त्याच रोलरवर ३ रन घे, मग रीमॅपची फाइल टाकून ३. फायदा म्हणजे या दोन ग्राफमधला फरक, ब्रोशरमधला ९० मधे आणायचा नाही. टायर ३३ पीएसआय, कूलंट ९० अंशाला स्थिर, एसी बंद, चौथा गिअर, १,३०० पासून फुल थ्रॉटल. दोन रनच्या मध्ये ३-४ मिनिटं थांबायचं. पंखा बारका असेल तर इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) तापतो, ईसीयू डिझेल कापतो आणि तिसरा रन पहिल्यापेक्षा खाली येतो. मधेच ग्राफला खड्डा पडला तर, गाडीला ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असेल तर तो बंद आहे का बघ. मागची चाकं थांबलेली दिसली की तो ताकद तोडतो.

रोलर एडी करंट ब्रेकचा (चुंबकानं रोलर अडवणारा) असेल तर लोड लावायला सांग. नुसत्या इनर्शियाच्या (ब्रेक नसलेल्या) हलक्या रोलरवर रन काही सेकंदांत संपतो, टर्बो नीट भरत नाही आणि सायलेन्सरचं तापमान किती चढतं हे कळतच नाही. करूळ घाट चढताना गाडीवर जो सलग भार येतो तो तिथं दिसणार नाही.

उद्यमनगर_डिझेल
आणि धूर?

शिरोली_टर्बो
जाळ अन् धूर संगट हे मिसळीपुरतं ठीक! काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. रन चालू असताना ओबीडीवर लॉग घे: बुस्ट मागितलेला आणि मिळालेला, रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब) तसंच, आणि एमएएफ (आत येणारी हवा). मिळालेला बुस्ट सतत ०.१५ बार खाली असेल तर इंटरकूलरचे हौज, क्लॅम्प आणि ओरिंग तपास, मग टर्बोच्या व्हेनमधली (पात्यांमधली) काजळी. बुस्ट जुळत असूनही धूर असेल तर बहुधा फाइलमधलं स्मोक लिमिटर (हवेच्या मानानं डिझेल रोखणारी मर्यादा) ढिलं केलंय. २,००० च्या खालचं डिझेल कमी करून घे. पीयूसीला बीएस४ डिझेलच्या धुराची मर्यादा १.६२ प्रति मीटर (के व्हॅल्यू) आहे.

चौथा_गिअर
क्लचही बघून घे. ग्राफमध्ये २,००० च्या आसपास आरपीएम चढतात आणि रोलरचा वेग मागं राहतो, तिथं क्लच स्लिप होतोय. ड्युअल मास फ्लायव्हीलला (क्लचजवळचं झटके शोषणारं दोन भागांचं चाक) खालचा टॉर्कच मारतो, वरचे पीएस नाही. टॉर्क २५०-२६० ला बांधून वर ३,०००-४,००० मध्ये ताकद वाढवलेली फाइल घे. आकडा तेवढाच दिसेल, क्लच जास्त टिकेल. कुणाकडं व्हेंटोचा ७ स्पीड डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर त्याची मर्यादाच २५० एनएम आहे, तिथं ही सूट नाही.