मदत हवी आहे: शीप्सटॉरच्या चर्चमधल्या ब्रूक घराण्याच्या कबरी

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या डेव्हनमध्ये, डार्टमूरच्या काठावर शीप्सटॉर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेंट लेनर्ड्स चर्चच्या आवारात सारावाकच्या तिन्ही गोऱ्या राजांच्या कबरी आहेत: जेम्स ब्रूक (मृत्यू १८६८), त्याचा भाचा चार्ल्स (१९१७) आणि चार्ल्सचा मुलगा व्हायनर (१९६३). बोर्निओतल्या त्या मुलखावर १८४१ ते १९४६ एकाच घराण्याची सत्ता होती!

जेम्सचा जन्म १८०३ साली बनारसजवळचा. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होता आणि १८२५ मध्ये आसामच्या लढाईत जखमी झाला. मला त्याचा हा भारतातला काळ नीट समजून घ्यायचा आहे, कारण सारावाकबद्दल लिहिताना लोक तो दोन ओळींत उरकतात. १८४९ मध्ये सारावाकमधल्या बेटिंग मारूला त्याच्या मोहिमेत मारल्या गेलेल्या डायाक या तिथल्या मूळ रहिवाशांची आठवणही मनात ठेवूनच त्या दगडासमोर उभं राहायचं आहे.

प्लिमथहून येल्व्हर्टनपर्यंत बस जाते. पुढे बरेटर तलावाकडून गावात कसं जावं? आई सोबत असेल, तिचे गुडघे दुखतात, म्हणून चढाची पायवाट नको. तिथे टॅक्सी आधी ठरवावी लागते का? जेम्सच्या तांबड्या ग्रॅनाइटवरची अक्षरं कोणत्या वेळच्या उन्हात फोटोत स्पष्ट येतात?

आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत कंपनीच्या लष्करी नोंदी कुणी चाळल्या असतील, तर सुरुवात कुठून करावी तेही सांगा.