परदेशी स्थायिक व्हायचंय : आधी कागद की आधी भाषा?

अनुस्वार : स्थलांतर ठरलं की जो तो एकच सल्ला देतो, 'भाषा शिकायला लागा.' मला हे पटत नाही. भाषा तिकडेही शिकता येते. काही कागद मात्र मूळ देश सोडला की मिळवताना नाकी नऊ येतात. अपोस्टिलचंच बघा, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून त्यावर लागणाऱ्या सरकारी प्रमाणपत्राचं. १९६१ च्या हेग करारानुसार दाखला ज्या देशाने दिला, त्याच देशाच्या यंत्रणेने तो प्रमाणित करायचा. नवा देश ते करून देणार नाही. आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही मूळ लायसन्स ज्या देशाचं, तिथूनच घ्यायचा. जन्मदाखला, विवाह नोंदणी, गुणपत्रिका, आणि या सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. हाताशी थोडेच महिने असतील तर ते यात घाला.

रातपाळी : 'भाषा तिकडेही शिकता येते' म्हणे! दिवसभर राबून संध्याकाळी क्लासला बसणाऱ्याला विचारा. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी स्पॅनिशला सहा-सातशे तास धरते, जपानीला दोन हजारांहून जास्त. तेही पगारी, पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी. नुसतं कानावर पडून येते ती दुकानापुरती. भाडेकरारातली बारीक अक्षरं तिने वाचून होत नाहीत.

आणि तोवर दुभाष्या कोण? घरातलं दहा वर्षांचं पोर. आईच्या आजाराचं निदान डॉक्टरांकडून ऐकून आईला त्याने सांगायचं. हे कुठल्या अपोस्टिलने टळतं?

अनुस्वार : पोरांचा मुद्दा गंभीर आहे, पण अस्खलित बोलणारा डॉक्टरसुद्धा पदवीला मान्यता मिळेपर्यंत डॉक्टर म्हणून काम करू शकत नाही. घर चालतं ते मान्यतेवर.

रातपाळी : मग तुमचंच उदाहरण घेऊ. जर्मनीत परदेशी डॉक्टरला कायमच्या परवान्यासाठी वैद्यकीय जर्मनची सी-१ पातळीची (युरोपीय मोजपट्टीवरची वरची पायरी) परीक्षा द्यावी लागते. तिथे भाषा हाच कागद झाला की! तुमची यादी अर्धवट आहे, एवढंच.

तिसरीघंटा : तुम्ही दोघं पहिल्या तीन महिन्यांसाठी भांडताय. खरा दम निघतो तो पुढे. लिसगार्ड नावाच्या अभ्यासकाने १९५५ साली अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या शिष्यवृत्तीधारकांबद्दल लिहिलं. सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले बरे रुळले होते, मधलेच जास्त खचले होते. म्हणून शिल्लक पैसा सुरुवातीच्या फर्निचरवर उडवू नका, त्या मधल्या काळासाठी ठेवा.

उंबरठा : ते लोक शिष्यवृत्तीवर गेलेले, परतीची खात्री असलेले. कायमचा बाडबिस्तरा हलवणाऱ्याला तो निष्कर्ष कसा लावता? पुढच्या अभ्यासांत तो सगळीकडे जुळलाही नाही. काहींना पहिला आठवडाच सगळ्यात वाईट जातो. पैसे ठेवा हे ठीक, पण तारीख ठरवून खचायची तयारी कसली करायची?

माझा कल अनुस्वार यांच्याकडे आहे, फक्त त्यांची यादी जाणाऱ्यापुरतीच आहे. मागे राहणाऱ्यांचं काय? बँकेचा ओटीपी येणारा नंबर बंद पडला की आपल्याच खात्यातले पैसे दिसेनात, असं होतं. घराचे व्यवहार कोणी बघायचे त्याचं मुखत्यारपत्र आधीच करा, तेही मोघम नको, नेमक्या कामांपुरतं. रोजची औषधं असतील तर प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडचं नव्हे, घटकाचं नाव लिहून घ्या, आणि ते औषध तिथे नियंत्रित यादीत आहे का तेही पाहा. एका देशात साधं समजलं जाणारं औषध दुसऱ्या देशात परवानगीशिवाय नेता येत नाही, अशी उदाहरणं आहेत.

रातपाळी : सगळं मान्य. पण ती नियंत्रित यादी कुठल्या भाषेत छापलेली असते?

अनुस्वार : ती एकदा पैसे देऊन भाषांतर करून घेता येते. जन्मदाखल्यासाठी मात्र परतीचं तिकीट काढावं लागू शकतं.