मदत हवी आहे: तळपायांची आग आणि ६५ हजारांची 'लाइट थेरपी'
आई ६८ वर्षांची, आम्ही फोंड्याला. मधुमेह १४ वर्षांचा. दोन वर्षांपासून तळपायांची आग, मुंग्या. रात्री पायांवर चादरसुद्धा सोसत नाही. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोपॅथी, म्हणजे नसांना झालेली इजा, सांगितली. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.४ वरून ७.३ वर आलंय. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीमुळे व्हिटॅमिन बी१२ उतरलं होतं, इंजेक्शनांनी ते भरून आलं. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन ७५ मिग्रॅ रात्री चालू आहे. डोस वाढवला तर चक्कर येते, एकदा न्हाणीत पडता पडता वाचली. त्यावरचं दुसरं औषध, ड्युलोक्सेटीन, उलट्यांमुळे बंद करावं लागलं. पायांना जखम नाही, रक्तप्रवाह ठीक आहे.

आता एका खासगी केंद्राने इन्फ्रारेड लाइटचे २४ सिटिंग सांगितलेत, पैसे आगाऊ. "नस पुन्हा जिवंत होते" म्हणतात, पण लेखी काहीच देत नाहीत. तेच मला खटकतं. शिवाय आईच्या पायांना गरम-गार नीट कळत नाही, भाजलं तर? तरी तिची रात्रीची तळमळ बघवत नाही. एवढे पैसे आम्ही एकदाच घालू शकतो.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: सिटिंग थांबल्यावर आराम किती महिने टिकला? की आधी अ‍ॅक्युपंक्चर किंवा घरी टेन्स मशीन (त्वचेवरून सौम्य विद्युत लहरी देणारं) करून पाहावं?