मदत हवी आहे: गेममध्ये ₹ चिन्ह वापरलं तर कायद्याची अडचण येते का?

संत्रा_गेम्स: नागपूरच्या कळमना मंडीतल्या संत्रा लिलावावर गेम आहे. वर कोपऱ्यात शिल्लक ₹ २,५०० अशी दिसते. चिन्ह सरकारचं आहे, मग परवानगी लागते का? उद्या प्ले स्टोअरवर टाकायचा आहे, लवकर सांगा.

धंतोली_कलम: ही शिल्लक खेळाडू खरे पैसे देऊन घेतो का? जिंकलेली रक्कम बाहेर काढता येते का? सगळं त्यावर आहे.

झिरोमाईल०: आरबीआय चौकात जाऊन लेखी परवानगी घेऊन टाका ना भाऊ.

धंतोली_कलम: काहून? ₹ हे १५ जुलै २०१० ला स्वीकारलं, ते सगळ्यांनी लिहावं म्हणूनच. किराणावाला भावाच्या पाटीवर लिहितोच ना. नोटेचं चित्र आहे का, ते सांगा.

संत्रा_गेम्स: हो, सौदा झाला की ५०० ची नोट उडत येते. स्कॅन आहे. आणि ₹ ४९ मध्ये गेममधले ₹ ५,००० मिळतात. बाहेर काढता येत नाहीत.

धंतोली_कलम: हे आधीच लिहायला हवं होतं. स्कॅन आजच काढा. नोटेसारख्या दिसणाऱ्या कागदाला न्याय संहितेचं कलम १८२ आहे, दंड फक्त ३०० रुपयांपर्यंत. पण नोटेवर अशोकस्तंभ आहे, त्याला २००५ चा राजचिन्ह कायदा. गांधीजींचं चित्र धंद्यात परवानगीविना वापरायला १९५० च्या कायद्याची मनाई. नवी नोट हातानं काढा: गांधीजींच्या जागी फोडलेलं संत्रं, बँकेच्या नावाऐवजी 'कळमना मंडी', रंग केशरी. खरी १५० बाय ६६ मिलिमीटर असते, तुमची चौकोनी ठेवा.

पिक्सेल_बर्डी: ७५ टक्क्यांहून लहान किंवा १५० टक्क्यांहून मोठी केली की चालते.

धंतोली_कलम: तो अमेरिकेतला डॉलरचा नियम, तोही एकाच बाजूच्या छपाईसाठी. इथं त्याचा काही उपयोग नाही.

खरा घोळ दुकानात आहे. ₹ ४९ देऊन ₹ ५,००० मिळतात असं वाचून माणूस फसेल, ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार होऊ शकते. शिल्लक संत्र्यांच्या 'पेट्यां'मध्ये दाखवा, ₹ फक्त खऱ्या किमतीपुरतं. ती किंमतही कोडमध्ये लिहू नका. प्ले बिलिंगकडून, म्हणजे प्ले स्टोअरच्या पैसे घ्यायच्या सोयीकडून, चिन्हासकट तयार येते तीच दाखवा, नाहीतर दुबईतल्या खेळाडूलाही रुपयेच दिसतील. आणि पैसे काढायची सोय पुढेही देऊ नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशाचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, दोन्हीही होऊ शकतात.

फॉन्टवेडा: गेम युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलाय का? ₹ च्या जागी चौकोन दिसत असेल तर फॉन्टच्या ॲटलासमध्ये (अक्षरांच्या तयार चित्रसंचात) २०बी९ हा युनिकोड टाकून पुन्हा बनवा. 'मुक्त' (Mukta) नावाच्या फॉन्टमध्ये तो आहे.

संत्रा_गेम्स: युनिटीच. चौकोन नाही, पण 'विक्री' तुटून 'विक् री' दिसते.

फॉन्टवेडा: युनिटीतलं अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेशप्रो जोडाक्षरं जुळवत नाही. पाच-सहाच बटणं असतील तर शब्दांची चित्रंच लावा.

झिरोमाईल०: लिलाव सकाळचा ठेवलाय ना?