मदत हवी आहे: क्विझच्या एका उत्तरावरून मंडळात राडा झालाय, रविवारच्या आत निकाल लावायचाय

खसखस, इंदूर
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. आमच्या मराठी मंडळात महिला दिनाची क्विझ होती, विज्ञानातल्या स्त्रिया आणि थोडं सामान्य ज्ञान असा विषय. फायनलला राजेंद्रनगर आणि रामबाग बरोबरीत, शेवटच्या प्रश्नाला राजेंद्रनगरने लिहिलं कमला सोहोनी आणि रामबागने जानकी अम्माळ. कार्डावर कमला सोहोनी होतं म्हणून राजेंद्रनगरला विजयी केलं. तेव्हापासून ग्रुपवर जे चालू आहे ते विचारू नका, रामबागच्या एका मुलीचे वडील रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलाबरोबर एक लिंक टाकतात. रविवारी बक्षीस समारंभ आहे. मला फक्त एवढंच सांगा, बरोबर उत्तर कोणतं? चर्चा नको, एका ओळीत सांगा.

टकळी
प्रश्न काय होता ते तर लिहा आधी.

खसखस
अहो तोच नेहमीचा, पहिली महिला शास्त्रज्ञवाला.

टकळी
"नेहमीचा" म्हणजे काय? पहिली महिला शास्त्रज्ञ, पहिली पीएचडी, पहिली डॉक्टर, प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. कार्डावर शब्दशः काय लिहिलं होतं?

नानासाहेब_फडताळे
यात विचारायचं काय आहे. कमला सोहोनी. १९३९, केंब्रिज, विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. आणि जन्म कुठला? इंदूरचा! १९११ साली. माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. इंदुरात बसून इंदूरच्या लेकीवर शंका घेता, काय म्हणावं.

कोरा_कागद
नानासाहेब जन्मगावावरून उत्तर ठरत नसतं. जानकी अम्माळ, जन्म १८९७ तेलिचेरी, मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी., म्हणजे डॉक्टर ऑफ सायन्स, १९३१ साली. १९३१ आधी येतं का १९३९ आधी, हे तर पाचवीचं पोर सांगेल.

नानासाहेब_फडताळे
डी.एस्सी. वेगळी आणि पीएचडी वेगळी.

कोरा_कागद
म्हणूनच टकळीताई विचारतायत ना की प्रश्नात काय होतं.

बडोद्याचा_बाळू
आमच्याकडे बडोद्याला गणपतीत क्विझ असते तेव्हा आम्ही मोबाईलवर घेतो, एक अ‍ॅप आहे, सगळे आपापल्या फोनवर उत्तर दाबतात, आपोआप गुण पडतात, कार्ड नाही, पाटी नाही, भांडण नाही. तुम्हीही तेच करा. हवं तर सेटिंग कसं करायचं ते लिहितो.

टकळी
बाळूभाऊ, अ‍ॅपमधे उत्तर भरणारा माणूसच असतो हो. चुकीचं भरलं तर भांडण आपोआप होईल.

खसखस
बात अशी आहे की कार्ड आत्ता माझ्याकडे नाही, सेक्रेटरींकडे आहे. पण अपन पकडून चालू की पहिली पीएचडी. आता सांगा.

जुना_विद्यार्थी
पकडून कसं चालायचं? बरं, पीएचडी असेल तर कमलाबाई. त्यांची गोष्ट मुळातून कळली पाहिजे लोकांना म्हणून लिहितो. मुंबईहून बी.एस्सी. झाल्या, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, संचालक कोण तर सी. व्ही. रामन. अर्ज फेटाळला, कारण एकच, बाई आहे म्हणून. या बाईंनी काय केलं, तर थेट जाऊन उभ्या राहिल्या की नकार मागे घ्या नाहीतर सत्याग्रह करते. १९३३ ला प्रवेश मिळाला तोसुद्धा अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, गाइड सांगतील तर रात्रीही काम करायचं, आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडवायचं नाही! म्हणजे पुरुषांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. त्यांचं लक्ष यांनी सांभाळायचं. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि मग पुढे मुलींना प्रवेश मिळायला लागला. नंतर केंब्रिज, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनाला लागणारं एक प्रथिन) असतं हे बटाट्यावर काम करताना दाखवलं. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. आजकाल नुसते आभार तेवढे असतात.

तिरपागडा
रामनना उगाच व्हिलन करू नका. पुढे भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी त्यांच्याच प्रयोगशाळेत होत्या.

जुना_विद्यार्थी
होत्या ना. हिरे आणि माणकांच्या वर्णपटावर काम केलं, प्रबंध लिहून दिला, आणि विद्यापीठाने पीएचडी दिली नाही कारण एम.एस्सी. नव्हती. तो विद्यापीठाचा नियम, रामन यांचा दोष नाही, हे मान्य. पण कमलाबाईंचं घडलं ते घडलंच.

तिरपागडा
त्या काळाच्या चष्म्यातून बघा जरा.

जुना_विद्यार्थी
कमलाबाईही त्याच काळातल्या होत्या की. त्यांना तर तेव्हाच दिसलं होतं.

सुगरण_इंदुरी
कोणी पोह्यावर जिरावन मसाला टाकून खाल्लंय का रामबागेत सकाळी? मंडळाच्या समारंभाला नाश्ता काय आहे त्यावरून मी यायचं की नाही ठरवीन 😄

खसखस
सुगरणताई प्लीज. आणि जुना_विद्यार्थी, माहिती चांगली आहे पण मला निकाल पाहिजे. म्हणजे कमला सोहोनी फायनल ना? ग्रुपवर टाकू?

टकळी
टाकू नका!! आधी कार्ड बघा.

निवांत
धागा वाचला नाही पण उत्तर आनंदीबाई जोशी.

कोरा_कागद
निवांत, आनंदीबाई वैद्यकीच्या, १८८६, पेनसिल्व्हानिया. इथे संशोधनाच्या पदवीचं चाललंय. आणि "पहिली डॉक्टर" विचारलंत तरी फसाल, कादंबिनी गांगुली त्याच १८८६ साली कलकत्त्याहून झाल्या आणि पुढे कितीतरी वर्षं प्रॅक्टिस केली. आनंदीबाई बिचाऱ्या १८८७ लाच गेल्या. बंगाल्यांच्या क्विझमधे आनंदीबाई सांगून बघा, चहापण मिळणार नाही.

खसखस
कार्डाचा फोटो आला सेक्रेटरींकडून. लिहिलंय: "विज्ञान विषयात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय महिला कोण?" झालं समाधान?

टकळी
मग तुमचं काम झालं. डॉक्टरेट म्हटलं की डी.एस्सी. आली त्यात. जानकी अम्माळ बरोबर आहे.

नानासाहेब_फडताळे
सगळ्या पुस्तकांत कमला सोहोनींचं नाव आहे. स्पर्धा परीक्षेच्या गाइडमधे बघा.

कोरा_कागद
गाइड एकमेकांवरून उतरवलेली असतात. आणि याच गाइडमधे तिसरं नाव सापडेल, असीमा चटर्जी, १९४४. त्यांचंही खरं आहे, पण ते भारतीय विद्यापीठाकडून डी.एस्सी. मिळवणारी पहिली स्त्री म्हणून. गाइडवाले "भारतीय विद्यापीठाकडून" हे तेवढं गाळतात आणि मग पोरं भांडतात.

खसखस
पण निवेदिकेने प्रश्न वाचताना "पहली पीएचडी" म्हटलं होतं, हिंदीत. समोर बरेच बिगरमराठी लोक होते म्हणून दोन्ही भाषांत वाचत होती. मग?

टकळी
हे तुम्ही आत्ता सांगताय??

खसखस
मला वाटलं त्याने काही फरक पडत नाही.

तिरपागडा
मग दोघी बरोबर. कार्डाप्रमाणे जानकी, वाचण्याप्रमाणे कमला. आणखी एक विचारतो, उत्तर तोंडी होतं की लेखी? आणि "परीक्षकांचा निर्णय अंतिम" असं आधी जाहीर केलं होतं का?

खसखस
पाटीवर खडूने लिहून एकदम वर धरायचं होतं. निर्णय अंतिम वगैरे कोणी बोललं नाही, घरचाच कार्यक्रम होता भिया.

टकळी
एक विचारू का, राग मानू नका. तुम्हाला कमला सोहोनीच फायनल करायची एवढी घाई का आहे? वहिनी कुठल्या टीममधे होत्या?

खसखस
त्याचा इथे काही संबंध नाही.

सुगरण_इंदुरी
राजेंद्रनगर 😂😂

नानासाहेब_फडताळे
असल्या तर काय झालं? उत्तर बरोबर दिलंय वहिनींनी.

बडोद्याचा_बाळू
म्हणून म्हणतो अ‍ॅप.

चिंचेचं_बोटूक
नमस्कार, मी रामबागच्या टीममधली. लिंक टाकतात ते माझे बाबा. आम्ही पाटीवर जानकी अम्माळ लिहिलं आणि खाली १९३१ पण लिहिलं होतं, कारण मला माहीत होतं की सगळे कमला सोहोनी म्हणणार. माझं बॉटनी आहे, आम्हाला जानकी अम्माळ उसामुळे माहीत. कोइमतूरला ऊस संशोधनात होत्या, तिथे त्यांनी उसाचे संकर केले, मग इंग्लंडला जाऊन डार्लिंग्टन या शास्त्रज्ञाबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अ‍ॅटलास केला, १९४५ ला आला तो. मॅग्नोलियाची एक जात त्यांच्या नावाची आहे. म्हातारपणी केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवायच्या बाजूने उभ्या राहिल्या. काकूंशी माझं काही भांडण नाही, त्यांनी मला नंतर गुजियापण दिली. पण आम्ही चूक नव्हतो एवढं स्टेजवरून म्हणा.

जुना_विद्यार्थी
शाब्बास. खसखस, आता तरी ऐका.

खसखस
ठीक आहे. पण ट्रॉफी एकच आहे आणि तिच्यावर "विजेता संघ, राजेंद्रनगर" कोरून आणलंय पाटणीपुऱ्यातून. आता सांगा काय करू.

तिरपागडा
दोन्ही संघांना संयुक्त विजेते करा, ट्रॉफी सहा-सहा महिने.

नानासाहेब_फडताळे
ट्रॉफी सहा महिन्यांनी परत येत नसते. आमच्या वाड्यातली भजन स्पर्धेची ढाल अजून येतेय.

कोरा_कागद
रविवारी स्टेजवरच एक टायब्रेकर घ्या. पण कृपा करून "पहिली", "एकमेव" वाले प्रश्न नकोत. मी कितीतरी क्विझ घेतल्यात, सगळी भांडणं तिथूनच निघतात. कल्पना चावला "अंतराळात जाणारी पहिली भारतीय महिला" म्हटलं की कोणीतरी उठतो, त्या अमेरिकन नागरिक होत्या, भारतीय वंशाच्या म्हणा.

बडोद्याचा_बाळू
हा घ्या माझ्याकडून सोपा प्रश्न: दोन नोबेल मिळवणारी एकमेव व्यक्ती कोण? उत्तर मेरी क्युरी.

कोरा_कागद
बघा, लगेच फसलात. पाउलिंगला दोन आहेत, रसायन आणि शांतता. बार्डीनला भौतिकीची दोन, सँगरला रसायनाची दोन, शार्पलेसलाही २०२२ ला दुसरं मिळालं. क्युरीबाईंचं वेगळेपण हे की विज्ञानाच्या दोन वेगळ्या विषयांत, १९०३ भौतिकी आणि १९११ रसायन. अर्धवट विचारलंत तर रविवारी अजून एक टीम पाटी घेऊन उभी राहील.

बडोद्याचा_बाळू
बरं बरं.

जुना_विद्यार्थी
काम विचारा, नाव ओळखायला लावा. उदाहरण देतो. १९३८ चा नाताळ, स्वीडन, बर्फात एक बाई आणि तिचा भाचा फिरायला निघालेत, वाटेत एका ओंडक्यावर बसून कागदाच्या चिटोऱ्यावर आकडेमोड करतात आणि युरेनियमचं केंद्रक दुभंगतंय हे त्यांच्या लक्षात येतं. बाई कोण? लिझे माइटनर. भाचा ओटो फ्रिश. नोबेल मिळालं ओटो हानला, १९४४ चं. बाईंच्या नावाने नंतर १०९ क्रमांकाचं मूलद्रव्य आलं. यात कोणी वाद घालून दाखवावा.

टकळी
किंवा जोसलिन बेल. १९६७, रेडिओ दुर्बिणीच्या चार्टचे लांबच्या लांब कागद रोज डोळ्यांनी तपासायचं काम, त्यात एक छोटीशी खरखर दिसली जी बाकीच्यांनी कचरा म्हणून सोडली असती. दर १.३३ सेकंदाला एक ठोका. तो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक ठोक्याने रेडिओ लहरी पाठवणारा तारा. पीएचडी करत होती तेव्हा. १९७४ चं नोबेल तिच्या गाइडला, हे ओघाने आलंच.

तिरपागडा
गाइडला नोबेल मिळणं चूक नाही, दुर्बीण त्याने उभारली.

टकळी
दुर्बिणीच्या तारा ओढायलाही तीच होती. घण घेऊन खांब ठोकलेत तिने.

तिरपागडा
वेगळा धागा काढू का यावर?

चिंचेचं_बोटूक
दोन्हीची उत्तरं माहीत होती मला 🙂 आता हे प्रश्न रविवारी विचारू नका, काकू म्हणतील मी इथे वाचलं.

खसखस
अरे देवा. म्हणजे इथले सगळे प्रश्न बाद.
बरं, सेक्रेटरींशी बोलणं झालं. ठरलंय असं: स्टेजवरून जाहीर करायचं की कार्डाप्रमाणे रामबागचं उत्तर बरोबर आणि वाचलेल्या प्रश्नाप्रमाणे राजेंद्रनगरचं बरोबर, दोघांना गुण, मग एक टायब्रेकर. प्रश्न होळकर सायन्स कॉलेजमधून निवृत्त झालेल्या एका मॅडम काढणार, बंद पाकिटात, वाचणारही त्याच, एकाच भाषेत. मी प्रश्न बघणार नाही, घरी तसं सांगितलंय, त्यावर घरी काय झालं ते इथे लिहीत नाही. ट्रॉफीवर स्टिकर लावू. स्टिकर लावून चांगला दिसतो का, की पट्टी बदलून मिळते? पाटणीपुऱ्यात कोणी ओळखीचं आहे का?

सुगरण_इंदुरी
पट्टी बदलून मिळते, दोन स्क्रू असतात मागे. नाश्ता काय आहे ते अजून सांगितलं नाही.

खसखस
पोहे-जलेबी. आणि शिकंजी.

सुगरण_इंदुरी
येते मग.

नानासाहेब_फडताळे
समारंभात कमलाबाईंचा जन्म इंदूरचा हे तेवढं जाहीर करा म्हणावं, अर्ध्या इंदूरला माहीत नाही.

निवांत
आत्ता धागा वाचला. शकुंतला देवी नाही का चालणार?