'एक्सेस डेथ्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
श्रीमंत देशांतल्या कोविडमृत्यूंवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'रिपोर्टेड डेथ्स'ना 'नोंदलेले मृत्यू' लिहिलं. 'एक्सेस डेथ्स'पाशी मात्र अडले. 'अतिरिक्त मृत्यू' रूढ आहे, पण 'अतिरिक्त' म्हटलं की अतिरिक्त ठरवलेले शिक्षक आठवतात, गरज नसलेले. माणसाच्या मरणाला तो शब्द लावताना हात थांबतो. 'जादा' तर एसटीच्या गाड्यांना शोभतो.

उत्तर:
आधी मोजणी कशी होते ते पाहू. मागच्या काही वर्षांवरून एरवी किती माणसं गेली असती याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष गेलेल्यांतून तो आकडा वजा करायचा. जी बाकी उरते तिच्यात कोविडनं गेलेले आले, तपासणीच न झालेले आले, वेळेवर उपचार न मिळाल्यानं हृदयविकारानं गेलेलेही आले. एखाद्या माणसाकडे बोट दाखवून 'हा अतिरिक्त मृत्यू' असं म्हणता येत नाही. म्हणून मी 'मृत्यूंचं आधिक्य' म्हणेन. शिवाय बाकी उणेही येते. २०२०मध्ये न्यूझीलंडमध्ये एरवीपेक्षा कमी माणसं गेली, कारण टाळेबंदीत फ्लूही जवळजवळ थांबला. 'उणे अतिरिक्त मृत्यू' कसं वाचायचं? अधिक-उणे ही आपल्या गणितातली जोडी आहेच.

'एक्स्पेक्टेड डेथ्स', म्हणजे एरवी किती गेले असते तो अंदाज, त्याला 'अपेक्षित मृत्यू' नको. मराठीत अपेक्षेला आशेचा वास आहे. 'एरवीचे मृत्यू' साधं आणि नेमकं. सगळा वाद याच आकड्यावर होतो. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जर्मनीचं आधिक्य १ लाख ९५ हजार सांगितलं. एरवीचा अंदाज चुकला होता, तो दुरुस्त केल्यावर ते १ लाख २२ हजारांवर आलं.

आणखी एक:
मी नेदरलँड्समध्ये राहते. इथे यासाठी 'ओव्हरस्टेर्फ्टे' हा एकच शब्द आहे आणि तूट आली की 'ओन्डरस्टेर्फ्टे'. पण मला खरी अडचण तुमच्या 'नोंदलेले' या शब्दात दिसते. या देशांत जवळपास प्रत्येक मृत्यूची नोंद होते, आधिक्य काढतात तेही त्याच नोंदींवरून! तेव्हा 'कोविड म्हणून नोंदलेले' असंच लिहा. २०२०मध्ये इथल्या आरोग्य संस्थेकडे असे साडेअकरा हजारांच्या आसपास मृत्यू कळवले गेले. सांख्यिकी कार्यालयानं मृत्यूची कारणं तपासली तेव्हा ते २० हजारांच्या घरात गेले. पहिल्या लाटेत वृद्धनिवासांत तपासणी फारच थोडी होत होती. शेजारच्या बेल्जियमनं संशयितही मोजले, म्हणून त्यांचा आकडा सुरुवातीला भयंकर दिसला. त्या लाटेत आधिक्याशी तोच जवळून जुळला. इंग्लंडनं ऑगस्ट २०२०मध्ये 'तपासणीत कोविड आढळल्यापासून २८ दिवसांत झालेलाच मृत्यू धरायचा' अशी अट घातली आणि ब्रिटनच्या यादीतून पाच हजारांवर मृत्यू एका दिवसात उतरले. दोन आकड्यांत फरक दिसला की 'लपवलेले मृत्यू' असा मथळा कृपा करून देऊ नका. तो आरोप वेगळा, त्याला वेगळा पुरावा लागतो.

प्रश्नकर्ती:
'नोंदलेले'कडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मनापासून आभार. 'आधिक्य' जरा जड वाटतं, पण पहिल्यांदा फोड करून दिली की चालेल. वाक्य आता असं केलं आहे: 'कोविड म्हणून नोंदलेल्या मृत्यूंशेजारी मृत्यूंचं आधिक्य, म्हणजे एरवीपेक्षा किती माणसं जास्त गेली, तो आकडा ठेवून पाहू.'