मुलीला हवामानबदलाची भीती वाटते. घरची आपत्तीची तयारी तिला सोबत घेऊन कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मुलगी १२ वर्षांची आहे, मुलगा ५ वर्षांचा. शाळेत हवामानबदलावर प्रकल्प झाल्यापासून मुलीच्या डोक्यातून तो विषय जातच नाही. पावसाचा जोर वाढला की मोबाइलवर सारखा अंदाज बघत बसते, रात्री उशिरापर्यंत जागी असते. 'मी मोठी होईपर्यंत काही उरेल का?' असं आजीला विचारत होती.

सासूबाई म्हणतात, मुलांसमोर हा विषयच काढू नका. पण आपण गप्प बसलो तर ती एकटीच वाचत बसणार. आणि खोटा धीर तरी कसा देऊ? २०२४ हे औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत १.५ अंशांहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष ठरलं, हे तिला माहीत आहे.

नवऱ्याचं मत, तयारी केली की भीती आपोआप कमी होते. म्हणून आम्ही एक बॅग भरायला घेतली: टॉर्च, जादा सेल, शिट्टी, रोजची औषधं, कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत. घराबाहेर कुठे भेटायचं आणि बाहेरगावच्या कोणत्या नातेवाइकाला सगळ्यांनी फोन करायचा, हेही ठरवलं. मुलाला यात मजा वाटते. मुलगी मात्र बॅग परत परत उघडून तपासते. हे मला बरं लक्षण वाटत नाही.

स्वीडनमधल्या संशोधक मारिया ओयाला यांचा १२ वर्षांच्या मुलांवरचा २०१२ चा अभ्यास वाचनात आला. 'मी काय करू?' याच विचारावर भर असलेल्या मुलांमध्ये नकारात्मक भावनाही जास्त आढळल्या. याउलट जी मुलं परिस्थिती गंभीर आहे हे मान्य करून, इतर लोकही यावर काम करताहेत असा विश्वास धरतात, ती जास्त आशावादी आणि समाधानी दिसली. म्हणजे तयारीची जबाबदारी आम्ही नकळत तिच्यावरच टाकतोय का, ही शंका डोक्यात घोळते आहे.

ज्यांनी मुलांना घेऊन अशी तयारी केली आहे त्यांनी कृपया सांगावं: या वयाच्या मुलीला नेमकं कोणतं काम द्यावं आणि कोणतं मोठ्यांनीच ठेवावं? इतर लोक काम करताहेत हा विश्वास तिला उपदेश न वाटता कसा द्यायचा? आणि झोप अशीच उडालेली राहिली तर समुपदेशकाकडे जायला किती थांबावं? सासूबाईंनाही या बोलण्यात सामील करून घ्यायचं आहे, कारण मुलगी मन मोकळं करते ती त्यांच्याकडेच.